आर्विलच्या बंदुका, अकरा नावं आणि दोन सह्या

सगळ्यांत आधी उगवली ती माझी नणंद डेल्फिया. कागदांवर सह्या करायच्या म्हणून सगळ्यांना सकाळी नऊला बोलावलं होतं, ही साडेसातलाच हजर, केसांत रोलर तसेच. आल्या आल्या चुलीवरच्या घेवड्याचं झाकण उचललं आणि चव न घेताच म्हणाली, "मीठ कमी आहे गं." तिच्यामागून माझी नात केलिन आली, मग पुतणे, भाचे, त्यांच्या बायका. नऊला बँकेतली लोरीन नोटरीचा शिक्का घेऊन आली तेव्हा तिला पर्स टेकवायलाही जागा उरली नव्हती.

आता मुद्द्याचं. मी ऑर्लीना स्टिडम, आर्विल स्टिडमची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार ईस्टर्न केंटकी, हे माझं मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. सहावीपर्यंत शिकले, तेव्हा अक्षर गोड मानून घ्यावं. कुणी धाक घातलेला नाही. डेल्फिया मागे उभी राहून वाचते आहे, पण तो धाक नव्हे, सवय आहे. येत्या गुरुवारी लेक्सिंग्टनला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून घाई.

कलम एक. घर, परसातली बाग, ओढ्यापर्यंतची जमीन आणि बँकेत जे काही असेल ते केलिनचं. ती शाळेची बस चालवते, पहाटे चारला उठते आणि तरी हसतमुख असते. तिने हे घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त दारातलं पॉपॉचं फळझाड तोडू नये.

कलम दोन. बिडाचे तिन्ही तवे डेल्फियाला. ते साबणाने घासायचे नसतात, हे तिला एकसष्ट वर्षं सांगते आहे. आता कायद्याने सांगते. घासलेले दिसले तर केलिनने परत घ्यावेत.

कलम तीन. आर्विलचे सुतारकामाचे रंधे, करवती, पटाशा चर्चला. छपरातून गळतंय, आणि पाद्री नुसती प्रार्थना करतोय.

कलम चार. बंदुका. हे जरा लांबेल.

साध्या बंदुका दोन, त्या कुणीही घ्याव्यात असं नाही, त्याही पुढे सांगते त्या ट्रस्टमध्येच आहेत. पण खरी काळजी आखूड नळीच्या रायफलची आणि तिचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरची. खाणीतल्या सुरुंगांनी आर्विलचे कान गेले. नातवंडांचे तरी शाबूत राहावेत म्हणून त्याने तो सायलेन्सर घेतला, सरकारला फॉर्म भरून, फोटो देऊन, वर्षभर वाट बघून. तो गेल्यावर त्या वस्तू माझ्या नावावर करायला मलाही बोटांचे ठसे द्यावे लागले, जन्मात पहिल्यांदा. शेरीफच्या कचेरीतला पोऱ्या म्हणाला, "मॅम, बोट सैल सोडा." मी म्हटलं, "बाळा, याच बोटांनी तुझ्या बापाला दुपटं विणून दिलंय."

वकिलाने बजावलं, की ज्याचं नाव कागदावर नाही त्याच्या हातात या वस्तू सापडल्या तर तुरुंग. आणि मी गेल्यावर ते कपाट उघडणार कोण? केलिनच. शिकारीला ती लहानपणापासून आजोबांबरोबर जायची, तिला ती रायफल म्हणजे आजोबाच. म्हणून ट्रस्ट, म्हणजे बंदुकांची सामाईक मालकी कागदावर. ट्रस्टमध्ये ज्यांची नावं, ते सगळे कायद्याने हात लावू शकतात.

इथे माझी चूक झाली. आमच्या या खोऱ्यात एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला विसरलं तर तीन पिढ्या बोलत नाहीत. म्हणून कुणाला वाईट वाटायला नको म्हणत मी सगळ्यांचीच नावं घातली. अकरा! डेल्फियाचंसुद्धा, जी फटाका वाजला की खुर्चीखाली जाते. शिवाय लोरीनचा वेळ वाचावा म्हणून ट्रस्टच्या कागदावर काल संध्याकाळीच माझी सही छान वळणदार करून ठेवली.

लोरीनने पान बघितलं. "मिस ऑर्लीना, ही सही माझ्यासमोर केलीत का?"

"तुझ्यासाठीच केली."

"मग हे पान गेलं. माझ्यासमोर केली तरच शिक्का मारता येतो. आणि ओळखपत्र दाखवा."

"अगं, तुझ्या बारशाचा केक मी केला होता!"

"केक चांगला होता. ओळखपत्र दाखवा."

दाखवलं. तिने कोरं पान काढलं आणि विचारलं, "साक्षीदार कोण? दोन हवेत, आणि त्यांचं नाव ट्रस्टमध्ये नको. वकिलांनी शेवटच्या पानावर लिहिलंय."

शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं. स्वयंपाकघरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकूण एक माणूस यादीत.

"मला काढ यादीतून," डेल्फिया म्हणाली.

"काढलं तर कागद पुन्हा वकिलाकडे," लोरीन म्हणाली. "आज शनिवार. तो मंगळवारशिवाय भेटत नाही. आणि मंगळवारी तुम्हाला दवाखान्यात दाखल व्हायचंय ना?"

केलिन मला, तिच्या आजीला, मॅमॉ म्हणते. ती हळूच म्हणाली, "मॅमॉ, ओढ्यापलीकडे दोघं आहेत."

ओढ्यापलीकडे ओव्हा नेपियर आणि त्याची बायको लूसिल. चौऱ्याण्णव साली आर्विलचा शिकारी कुत्रा रकून या रानजनावराच्या मागे त्यांच्या हद्दीत गेला, आणि ओव्हाने रकून तर घेतलाच, कुत्राही तीन दिवस अंगणात बांधून ठेवला. तेव्हापासून बोलणं बंद. आर्विलच्या मयतीला तो रस्त्यावर टोपी काढून उभा राहिला. आत आला नाही. मीही बोलावलं नाही. ट्रस्टमध्ये सगळं खोरं घातलं, हे दोघं सोडून. मुद्दाम सोडले होते.

केलिन गेली आणि एकटीच परत आली. "ओव्हा म्हणतो, येईन, पण ऑर्लीनाने स्वतः बोलवावं."

डेल्फिया फणकारली, "मेला अजून तसाच आहे!"

मी ॲप्रन सोडला. डॉक्टरने उतार चढायला मना केलंय, म्हणून केलिनचा हात धरून निघाले. वाटेत दोनदा थांबले, एकदा दम लागला म्हणून, एकदा परत फिरावंसं वाटलं म्हणून. पण केलिनचा हात माझ्या हातात होता. तो तुरुंगात जाऊ द्यायचा नव्हता.

साकवापाशी पोचले तर ओव्हा अर्ध्यावर येऊन उभा. पार वाळलाय.

"काय ऑर्लीना."

"काय ओव्हा. साक्षीदार हवेत. तू ये. लूसिललाही आण."

"मला त्यात काही मिळणार आहे का?"

"भुईमुगाचं टरफलसुद्धा नाही."

"मग येतो," तो म्हणाला. मग खाली ओढ्याकडे बघत, "कुत्रा बांधायला नको होता मी. चुकलंच."

"आम्हीही तिसऱ्या दिवशी आलो न्यायला," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं."

मग लोरीनसमोर मी सही केली. घाईत ती वळणदार आली नाही. ओव्हाने केली, लूसिलने केली, लोरीनने शिक्का दाबला. केलिन बाथरूममध्ये जाऊन रडून आली आणि सर्दी झाल्याचं सांगायला लागली. सरकारी मंजुरी येईपर्यंत रायफल कपाटातच राहील. मंजुरी आली की केलिन, मनात धाकधूक न ठेवता आजोबांच्या रानात जा.

कलम पाच. माझ्यामागे हे सगळं केलिनने पार पाडावं. मयतीला मला निळा झगा घालावा, तपकिरी नको, त्यात मी बटाट्यासारखी दिसते.

कलम सहा. ओव्हा आणि लूसिल नेपियर यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. यात राग नाही. या कागदावरही त्यांचीच साक्ष हवी आहे, आणि लोरीन म्हणते, साक्षीदाराला काही दिलं की भानगड होते. दोघं ओसरीवर कॉफी पीत थांबलेत, मी कधी लिहून संपवते याची वाट बघत. मेल्यावर द्यायची सोय नाही, म्हणून जे द्यायचं ते मला जिवंतपणीच, माझ्या हाताने वाढावं लागणार. तसं आत्ताच बाहेर जाऊन त्यांना सांगून आले.

याआधीचं कुठलं मृत्युपत्र सापडलं तर ते चुलीत घालावं.

सही: ऑर्लीना स्टिडम

साक्षीदार, आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:
१. ओव्हा नेपियर
२. लूसिल नेपियर

नोटरी: लोरीन फ्युगेट (शिक्का)

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

ता. क. नेपियर मंडळी परत यायचं कबूल करून गेली: रविवार, २४ नोव्हेंबर, चर्च सुटल्यावर, जेवायला. कोंबडी मी करणार आहे. डॉक्टरांना तसं कळवावं.