व्हय म्हणणारी माणसं

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही हयात होता तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. एकाच गावात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? आज रविवार आहे. घरातले सगळे एका लग्नाला गेलेत आणि मला सर्दीचं निमित्त मिळालंय. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात एक गोष्ट घडली. ती मी घरी अर्धीमुर्धी सांगितली, वरिष्ठांना कागदावर लिहून दिली, आणि तेवढ्यावर ती संपायला हवी होती. संपली नाही म्हणून लिहायला बसलेय.

मी अजून तिथंच आहे, माजी सैनिकांच्या दवाखान्यात, औषधांच्या खिडकीवर. तिथं अर्ज करायला तुम्हीच लावलं होतं. तुम्ही स्वतः फौजेच्या औषध विभागात वीस वर्षं काढलेली, त्यामुळे तुम्हाला ती नोकरी फार मोठी वाटायची. "सैनिकांचं काम आहे, मन लावून करशील तर कुठं जाणार नाहीस," असं म्हणाला होतात. खरंच कुठं गेले नाही. आमची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, आणि दर वर्षी तो कागद हातात पडेपर्यंत मी जरा जपून बोलते. बाकी काम तेच. सकाळी नऊला खिडकी उघडते तेव्हा मोहोळ, बार्शी, अक्कलकोट अशा सगळ्या बाजूंनी पहिल्या एसटीनं आलेली म्हातारी माणसं रांगेत उभी असतात. बाकड्यावर जागा असली तरी बरेच जण बसत नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कार्ड हातात, आणि खिडकीशी आले की "जय हिंद मॅडम." पहिल्या वर्षी मला त्याचं अप्रूप होतं. आता मीही मान वर न करता "जय हिंद" म्हणते.

तुमच्या हाताखाली लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. ते ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल, तळघरातलं स्टोअर, सगळीकडे फिनाइलचा वास. पहिल्या महिन्यातली गोष्ट आहे, तुम्हाला आठवत असण्याचं कारण नाही. एका म्हाताऱ्या विणकराला मी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या, कधी कुठली घ्यायची ते सांगितलं आणि पुढच्याचा कागद हातात घेतला. तुम्ही मागून आलात आणि दाराबाहेर गेलेल्या त्या माणसाला हाक मारून परत बोलावलंत. "बाबा, पोरीनं काय सांगितलं?" तो म्हणाला, "व्हय." तुम्ही म्हणालात, "व्हय काय व्हय? सकाळची गोळी कुठली?" तो नुसता हसला. मग सगळ्या रांगेसमोर तुम्ही मला म्हणालात, "ह्याला तू औषध दिलं नाहीस. ह्याच्या हातात वस्तू ठेवलीस. फौजेत हुकूम दिला की समोरच्यानं तो परत म्हणून दाखवायचा असतो. नाही म्हटला तर हुकूम पोचलाच नाही असं धरायचं." मी स्टोअरमध्ये जाऊन रडले. तुम्ही आलात, समजूत वगैरे घातली नाहीत. म्हणालात, "घरी माग आहे ना तुमच्या? मागाच्या खडखडाटात घरचे कसे बोलता? तोच आवाज इथं काढ. आणि पूर्व भागातली तुमची तेलुगू विणकर माणसं आली तर तेलुगूत विचार, लाजू नकोस." तुम्ही स्वतः दुधनीकडच्या माणसाला कानडीतच विचारायचात, "तिळीतेनु?", म्हणजे कळलं का, आणि तो "हौदु", हो, म्हणाला तरी त्याच्याकडून सगळं म्हणवून घ्यायचात. पुढची कित्येक वर्षं मीही तसंच केलं. प्रत्येकाला विचारायची, आता तुम्ही मला सांगा. ते कधी सुटलं ते मला नक्की सांगता येणार नाही. एका दिवसात सुटलं नाही. रांग वाढली, संगणक आला, संगणकात बघताना माणसाकडे बघणं कमी झालं. "समजलं ना?" एवढंच उरलं, आणि त्याला सगळे "समजलं" म्हणतात.

ह्या रांगेत मोहोळच्या पुढच्या एका खेड्यातले एक हवालदार येतात. तोफखान्यातले, वय आता ऐंशीच्या आसपास. उंच, ताठ, बोलणं कमी. चार वर्षांपासून हृदयाची औषधं चालू आहेत. त्यांची बायको बरोबर येते आणि बाहेर लिंबाखाली बसते. मी काही सांगितलं की हवालदार माझ्या तोंडाकडे एकटक बघायचे, एकदाच मान हलवायचे, "समजलं मॅडम" म्हणायचे आणि वळायचे. मला ते आदर्श रुग्ण वाटायचे. वाद नाही, परत परत विचारणं नाही.

गेल्या मार्चमध्ये पुढचा साठा वेळेवर येणार नाही असं कळलं, म्हणून आम्ही सगळ्यांना दोन दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. पण साठा आला, तोही दुसऱ्या कंपनीचा. हृदयाचे ठोके हळू करणारी त्यांची गोळी आधी पांढरी होती, ती आता गुलाबी आली. औषध तेच, ताकद तीच, नाव आणि रंग वेगळा. हवालदार एप्रिलमध्ये नेहमीच्या तारखेला आले तेव्हा त्यांच्या घरी महिनाभराच्या पांढऱ्या गोळ्या शिल्लक असणार हे मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं. शब्दसुद्धा आठवतात: "बाबा, ही गुलाबी म्हणजे ती पांढरीच आहे. आधी पांढऱ्या संपवा, मग ही चालू करा. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत." सोमवार होता, संगणक दोनदा बंद पडला होता, रांग फाटकापर्यंत गेली होती. मी काचेआडून हे बोलले तेव्हा माझी नजर संगणकाच्या पडद्यावर होती. "समजलं ना?" "समजलं मॅडम."

पंधरवड्यानं त्यांना भाड्याच्या जीपमधून आणलं. सकाळी गोठ्यापाशी चक्कर येऊन पडले होते, कपाळाला खोक. आमच्या डॉक्टरांनी नाडी धरली तर चाळिसाच्याही खाली. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात हलवायची धावपळ चालू असताना बायको माझ्या खिडकीशी आली आणि औषधांची पिशवी फळीवर रिकामी केली. पांढऱ्या गोळ्यांची अर्धी पट्टी, गुलाबी गोळ्यांची अर्धी पट्टी. मी विचारलं, "मावशी, ह्यातली कुठली घेतात?"

"दोनी बी घेत्यात की. पांढरी बी आन् गुलाबी बी. तुमीच दिल्या न्हवं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच माहिती हवी होती, मी काही वेगळं सांगितलं होतं का. मी पट्ट्या घेऊन धावत डॉक्टरांकडे गेले, काय झालंय ते सांगितलं, त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहून गाडीबरोबर दिलं. तेवढं मी वेळेत केलं. गाडी गेल्यावर आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. ते निवृत्त कर्नल आहेत, हिंदीत बोलतात. "मॅडम, पेशंट को बताया था?" मी म्हणाले, "जी सर, बताया था." त्यांनी नोंदवहीत लिहिलं, औषध बदलाची माहिती रुग्णास दिली होती, रुग्णाकडून गैरसमज. वही मिटली. मी बाहेर आले आणि उरलेल्या चाळीस जणांना औषधं दिली. त्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर हॉस्पिटलात गेले. हवालदार शुद्धीवर होते, डोक्याला पट्टी, अंगात हॉस्पिटलचा ढगळ सदरा. डोक्यावर नेहमीची टोपी नसल्यामुळे मला क्षणभर ओळखू आले नाहीत. मी म्हणाले, "बाबा, मी त्या दिवशी सांगितलं होतं ना, दोन्ही एकच आहेत म्हणून?" त्यांनी एकदा मान हलवली. बायको पलीकडून म्हणाली, "डाव्या अंगानं या बाई. मोठ्यानं बोला. तरच जरासं ऐकू येतंय त्यास्नी." मी पलंगाला वळसा घालून गेले, वाकून, अगदी कानाशी तेच वाक्य परत म्हटलं. हवालदार म्हणाले, "आत्ता ऐकलं. तवा न्हाय ऐकलं."

"मग समजलं का म्हणालात?"

"चार वर्सं झाली मॅडम, त्या काचंआडून तुमी काय बोलता त्यातलं मला कायबी ऐकू आलं न्हाय. तोफंवर व्हतो मी. उजवा कान तितंच गेला, डावा घरी आल्यावर. गोळीचा रंग बघून घेत व्हतो. रंग नवा दिसला, म्हनलं नवीन गोळी वाढवली असंल."

"मला सांगायचं की."

"काय सांगायचं? मागं पन्नास माणसं हुबी. समदी फौजंतली. त्यांच्याम्होरं हवालदार 'काय, काय' करत बसणार व्हय?" मग ते म्हणाले, "तोफंवर हुकूम आला की आमी त्यो वरडून परत म्हनायचो. मगच गोळा सुटायचा. तुमी कदी म्हनाय लावलं न्हाय."

तेही त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. काम कसं चालतं ते सांगावं तसं सांगितलं.

मी रिक्षा न करता चालत घरी आले. माझ्या डोक्यात तुम्ही नव्हता, आमचे नाना होते. आम्ही वडिलांना नाना म्हणतो. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, पन्नाशीतच ऐकू येईनासं झालं होतं. आई विड्या वळता वळता काही सांगायची आणि नाना तिच्या तोंडाकडे एकटक बघून एकदाच मान हलवायचे. घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं की ती मान म्हणजे ऐकलं नाही. ती मान मी लहानपणापासून ओळखते, सर. पण खिडकीपलीकडे तीच मान चार वर्षं बघितली आणि तिला शिस्त समजले.

सकाळी कर्नलसाहेबांकडे गेले. म्हटलं, वहीतली नोंद पुरी नाही. मी सांगितलं होतं, पण त्यांना कळलं का ते विचारलं नव्हतं, त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. रुग्णाला ऐकू येत नाही हे चार वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. ते वैतागले. "अब इससे क्या फायदा मॅडम? लिख दिया है ना? आपका कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होना है." मी म्हणाले, सर, मला लिहायचं आहे. त्यांनी वही माझ्या पुढ्यात सरकवली. मी माझ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि सही केली. नंतर मला खुलासा मागणारं पत्र आलं, मी तो दिला. नेमणुकीची फाईल अडीच महिने पुढं सरकली नाही. घरी मिस्टर म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं का?" कुणी विचारलं नव्हतं हे खरंच आहे. त्या अडीच महिन्यांत मला पश्चात्ताप झाला नाही असं नाही. दोन-तीनदा चांगला झाला. मग एक दिवस नेमणुकीचा कागद आला, त्यावर नेहमीचाच मजकूर. कर्नलसाहेबांनी फक्त खिडकीची काच काढून टाकायची परवानगी दिली. ती काच मी पाच वर्षांपूर्वी धुळीसाठी स्वतःच मागून बसवून घेतली होती.

हवालदार बरे झाले. जुलैत परत आले तेव्हा डाव्या कानात यंत्र होतं. मी सवयीनं ओरडून सांगायला लागले तर म्हणाले, "मॅडम, जरा हळू. हे लई वरडतंय." मग मी गोळ्या दाखवल्या आणि म्हणाले, आता तुम्ही सांगा. ते सावधान उभे राहिले आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सकाळची, दुपारची, संध्याकाळची गोळी रंगासकट म्हणून दाखवली. रांगेतले लोक हसले. त्यांच्या मागचा सुभेदार खिडकीशी आला आणि मी काही विचारायच्या आतच त्यानं आपल्या गोळ्या मोठमोठ्यानं सांगायला सुरुवात केली. त्यातल्या दोन चुकीच्या होत्या.

हे सगळं लिहिताना मी तुम्हाला बरं वाटावं अशा बेतानं लिहीत गेले, ते आता वाचताना कळतंय. तुम्ही हयात असता तर मी ह्यातलं काहीच लिहिलं नसतं. तुम्ही रस्त्यात भेटला असता तर एवढंच सांगितलं असतं की एक हवालदार चुकून दोन्ही गोळ्या घेत होता, आणि पिशवी बघताच मी ओळखलं. तुम्ही खूश झाला असता, आणि मी तुम्हाला तसंच राहू दिलं असतं.