अप्पांच्या गाडीचा क्लच

अप्पा,

गाडी घोटीला नजीरचाचांच्या गॅरेजला नेतेय. तुम्ही मागवलेला रेसिंगचा क्लच आणि हलकं फ्लायव्हील माळ्यावरच ठेवलंय. इंजिनाची ताकद वाढवलीत, म्हणून क्लच जास्त पकडीचा हवा, हे कबूल. पण इतका कडक नको, आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं ते जड चाक, मूळचंच राहू दे. हलक्या चाकानं गाडी चढावर उचलताना बंद पडते आणि क्लच पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. द्वारका चौकातल्या सिग्नलला क्लच दाबताना तुम्ही ओठ कसे आवळता, ते शेजारी बसून मला दिसतं.

चाचांना तुमच्या गुडघ्याचं काही बोलले नाही; फोनवर एवढंच सांगितलंय, यापुढे गाडी मी चालवणार आणि माझ्या पायात तेवढा जोर नाही. ते पोटभर हसले. त्यांना भेटलात की त्यांच्याबरोबर तुम्हीही मला हसा.

पिठलं झाकून ठेवलंय.

हर्षाली