शपथपत्रातलं एक वाक्य

सरोजिनी नगर, लखनौ
२४ मे १९९८

ती. बाबांस,
सविनय जय भीम. आम्ही तिघं इकडे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवा.

इथे उन्हाची लू सुटली आहे. क्वार्टरमधला कूलर दिवसभर घरघरतो आणि ऋता त्याच्यासमोर बसून सुट्टीचा अभ्यास केल्याचं नाटक करते. तुमचं पत्र तिनं स्वतः वाचलं, पण उत्तर लिही म्हटलं की म्हणते, पापा, आप ही लिख दीजिए. मराठी समजतं सगळं, हातातून उतरत नाही.

आता मुद्द्याचं. ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी माझे कागद तपासून मला कुशल टूलमेकर म्हणून मान्यता दिली. तसं पत्र ११ मेला आलं. प्राचीनं शेजारी पेढे वाटले, आणि मग आमच्या लक्षात आलं की पत्र महिनाभर उशिरा आलं आहे. तिकडे स्थायिक होण्याच्या अर्जात वयाला गुण असतात, आणि पस्तिशीच्या आत असलं तर जास्त. शाळेच्या दाखल्यावर माझी तारीख १४ एप्रिल १९६३. म्हणजे गेल्याच महिन्यात पस्तीस पूर्ण झाली. ते गुण गेले तर माझी बेरीज कमी पडते आणि अर्ज टाकण्यात अर्थ राहत नाही.

निशातगंजच्या व्हिसाच्या एजंटसाहेबांना मी सांगितलं की आई नेहमी मला नोव्हेंबरातला म्हणायची. ते म्हणाले, मग चिंता कसली? महानगरपालिकेचा जन्मदाखला काढा, शाळेत तारीख चुकीची का लागली याचं वडिलांचं शपथपत्र जोडा आणि नोव्हेंबरच्या आत अर्ज पोचवा. पासपोर्ट मागाहून दुरुस्त होईल. मसुदा त्यांनीच करून दिला आहे, तो सोबत आहे. नोटरीपुढे तुमची सही तेवढी हवी.

बाबा, फॅक्टरीत आता हाताला काम उरलेलं नाही. स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म आमच्या विभागात वाटून झाले. या वयात हा एकच दरवाजा उघडा दिसतो, म्हणून एवढी घाई करतो आहे.

ताईला आणि भास्कर भाऊजींना जय भीम. पत्राची वाट पाहतो.

तुमचा,
आशुतोष


नागपूर
८ जून १९९८

चि. आशुतोष यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र मिळाले. तुझ्या कामाला परक्या देशात मान्यता मिळाली हे विहारात सर्वांना सांगितले. गुडघा आहे तसाच आहे.

मसुदा दोनदा वाचला. त्यावर मी सही करणार नाही. जन्मदाखल्यासाठी महानगरपालिकेत अर्ज देतो. जुनी रजिस्टरे शोधायला वेळ लागेल असे तिथला बाबू म्हणाला.

तू जाऊ नयेस असे माझ्या मनात आहे, असा अर्थ काढू नकोस. याहून जास्त आज लिहवत नाही. सूनबाईस व ऋतास आशीर्वाद.

शामराव


नागपूर
२१ जून १९९८

चि. आशू,
ताईचे आशीर्वाद. रागावून लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. लखनौला बारा वर्षं काढून तिथली नजाकत काही तुझ्या अंगी लागलेली दिसत नाही. बाबा हट्टी झालेत, म्हातारपणी पोराला अडवतात, हे लिहिण्याआधी तू तो मसुदा स्वतः वाचला होतास का रे? की एजंटनं दिला आणि तू पाकिटात घातलास?

त्यात एक ओळ आहे: ‘शपथकर्ता अनपढ़ होने के कारण भूलवश’ चुकीची तारीख लिहवून बसला. बाबांनी ती ओळ मला बोट ठेवून दाखवली. दिवसभर खांबावर चढून तारा ओढायच्या आणि रात्रशाळेत बसायचं, असं करून माणूस सातवी झाला. अजूनही विहारात पेपर तेच मोठ्यानं वाचतात.

तुझ्या शाळेची गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण बाबांना ती सांगितलेली आवडत नाही. १९६९ सालचा जून होता. मी दहा वर्षांची होते, तुझा हात धरून मीच रांगेत उभी होते. आपल्या वस्तीतली पोरं आली की कारकून मान वर न करता जन्मतारीख १ जून लिहायचा. कुणाला विचारायचाच नाही. आपल्या लोकांना तारखा कुठून ठाऊक असणार, असं त्यानं धरूनच ठेवलेलं. बाबांनी सांगितलं, माझा मुलगा ९ नोव्हेंबरचा आहे, माझ्याकडे लिहून ठेवलं आहे. कारकून म्हणाला, मग तो सहाचा झालेला नाही, पुढच्या वर्षी आणा. नाहीतर १ जून घालतो, पटकन बोला.

 मागची रांग ओरडायला लागली होती. तेव्हा बाबा म्हणाले, तारीख मनाचीच घालायची असेल तर ती तुमच्या मनाची नको, माझ्या मनाची घाला. चौदा एप्रिल लिहा, बाबासाहेबांच्या जयंतीची. कारकुनानं तेव्हा कुठे मान वर करून पाहिलं. तुझं वर्ष वाचलं.

तेव्हा ती चूक नव्हती, आणि अडाणीपणा तर नव्हताच. खोटी तारीख दिली हे ते कबूल करतील. पण कळत नव्हतं म्हणून दिली, हे नाही म्हणणार. आता काय करायचं ते तूच बघ. मी मध्ये पडून दोघांची बोलणी खाणार नाही, आधीच भास्करराव मला वकीलसाहेब म्हणतात.

प्राचीला विचारल्याचं सांग.

तुझी,
मायाताई


नागपूर
२८ सप्टेंबर १९९८

चि. आशुतोष यास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

अर्जाचा नाद सोडतो असे लिहिलेले तुझे जुलैचे पत्र मिळाले होते. उत्तर मुद्दाम दिले नाही. माझ्यासाठी पोराने वाट सोडली असे मला ऐकायचे नाही. त्यासाठी तुला शिकवले नव्हते.

दाखला अखेर मिळाला. पाच खेपा झाल्या. रजिस्टरची पाने चिकटलेली होती, बाबूने पट्टीने सोडवली. ९ नोव्हेंबर १९६३, मुलगा, बापाचे नाव बरोबर. तुझ्या आईची आठवण पक्की होती.

शपथपत्र मी माझे लिहिले. नोटरी म्हणाले, एवढे लांब कशाला, छापील मजकूर चालतो. मी म्हटले, मला चालत नाही. त्यात लिहिले आहे की मुलाची खरी तारीख मला माहीत होती, ती मी सांगितली, ती घेतली गेली नाही, आणि मुलाचे वर्ष जाऊ नये म्हणून मी जाणूनबुजून दुसरी तारीख दिली. याची जबाबदारी माझी आहे, मुलाची नाही. सहासष्टाव्या वर्षी आपण खोटे बोललो हे शिक्क्यासह लिहून देताना बरे वाटले नाही. पण खरे तेच लिहिले.

तुझ्या एजंटला हे पसंत पडणार नाही, हे मला कळते. म्हणून त्याच्या मसुद्यावरही सही करून नोटरीचा शिक्का घेतला आहे. दोन्ही कागद सोबत आहेत. कोणता लावायचा ते तू ठरव. तुझ्या घराचा प्रश्न आहे आणि ऋताचा आहे. मी पुढे कधीही विचारणार नाही, आणि मायालाही विचारू देणार नाही.

जपून राहा.

शामराव


सरोजिनी नगर, लखनौ
२४ ऑक्टोबर १९९८

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

तुम्ही विचारणार नाही म्हणालात, म्हणून मीच सांगतो.

एजंटसाहेबांनी दोन्ही कागद वाचले. तुमचा बाजूला सारून म्हणाले, यह तो आपके पिताजी ने अपने ही खिलाफ लिख दिया. एकदा जाणूनबुजून खोटी तारीख दिली म्हटल्यावर दूतावासातला अधिकारी बाकीच्या कागदांवरही शंका घेईल. माझा छापील मसुदा लावा, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. ते खोटं बोलत नव्हते. असे कितीतरी अर्ज त्यांनी पार लावले आहेत.

बाबा, लाज वाटते पण लिहितो. मी छापीलच लावला.  गेल्या शनिवारी पाकीट बंद करून चारबागच्या पोस्टात गेलो. रजिस्ट्रीच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, अंदर क्या-क्या है, लिस्ट बनाई? यादी केली नव्हती. बाकावर बसून पाकीट फोडलं आणि एकेक कागद काढून लिहायला लागलो. तो छापील कागद हाती आला. ‘अनपढ़ होने के कारण’ या ओळीखाली सही होती, शामराव डोमाजी रामटेके, मोत्यासारखी, सगळ्या काना-मात्रांसकट. मला पुढची यादी करता येईना. घरी परत आलो.

तुमच्या शपथपत्राचं इंग्रजी मी स्वतः केलं. तीन संध्याकाळी लागल्या. तुम्ही लिहिलेल्यातलं एक वाक्यही गाळलं नाही. एजंटसाहेबांनी हात वर केले, म्हणाले, आता माझी जबाबदारी नाही. काल अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला. नऊ नोव्हेंबरच्या आत पोचेल.

पुढे काय होईल ते मला माहीत नाही. नकार आला तर इथेच काहीतरी बघावं लागेल, आणि ते सोपं नाही. भीती वाटते. रात्री ऋताकडे बघितलं की जास्त वाटते. पण तुम्हाला अडाणी ठरवून मी तिला कुठे नेलं असतं, तर तिथे पोचल्यावर तिच्या आजोबांबद्दल मला तिला काही सांगता आलं नसतं.

तो छापील कागद सोबत परत पाठवतो आहे. त्यावर तुमची सही आहे, माझ्या हातानं फाडवत नाही. तो तुम्हीच फाडा.

लोभ होता तसा ठेवा, एवढंच मागतो.

तुमचा,
आशुतोष