कंबरेएवढं कुंपण

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण फळ्या उचलून पाठ धरली आहे, तेव्हा उभ्याने घातलेला गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? दाजींना अधूनमधून दम लागतो असं मावशीकडून कळलं. त्यांना म्हणावं धूळ टाळा, आणि तू त्यांचं ऐकून घेणं टाळू नकोस. इकडचं म्हणशील तर सगळं ठीक आहे. (हिचं म्हणणं, 'तुमचं ठीक म्हणजे आग लागून नुकती विझलेली असते.') तू फोन उचलत नाहीस हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. पत्राचं बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही.

गेलं वर्षभर अप्पा पुन्हा ड्युटीवर जायला लागले होते. तू म्हणशील, रिटायर होऊन इतकी वर्षं झालेला कंडक्टर कुठल्या ड्युटीवर जातो? तेच तर. दुपारचा चहा झाला की भांग पाडायचा, खिशाचा शर्ट घालायचा आणि 'उशीर होतोय' म्हणत निघायचं. आधी आम्हाला वाटलं, फिरायला जातात, बरंच आहे. मग एकदा इस्त्रीवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला. मग एकदा ते खरोखरीच्या बसमध्ये सापडले, 'पुढे सरका, दारात गर्दी करू नका' असं लोकांना दरडावत. (लोक सरकलेही. आवाज अजून तोच आहे.) त्या बसची कंडक्टर भल्या घरची पोरगी निघाली, तिने शेवटच्या स्टॉपपर्यंत त्यांना त्यांचं काम करू दिलं आणि परतीच्या फेरीत आणून सोडलं. पण पुढच्या आठवड्यात ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, हात वर करून, समोरून येणारा ट्रक आपलीच गाडी समजून. ट्रकवाल्याला ब्रेक लागला म्हणून मी आज पत्र या सुरात लिहू शकतोय.

त्यानंतर आम्ही दाराला कुलूप लावलं. त्यांनी दारावर डोकं आपटून घेतलं. रक्त आलं ताई. डॉक्टर म्हणाले, कोंडू नका, अंगणाला नीट कुंपण घाला, बाहेर बसायला एखादा ओटा करा. माणसाला मोकळं वाटलं पाहिजे, पण बाहेर जाता येता कामा नये. मी म्हणालो, म्हणजे संसारासारखं. डॉक्टर हसले नाहीत. हीसुद्धा हसली नाही, आणि ते जरा जास्त वेळ.

तर सुतार बोलावला. ह्या माणसाला गल्लीत सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलतच नाही. डोक्याच्या वर जाईल असं कुंपण? होऊन जाईल. बाजूच्या दाराला लागून लाकडी ओटा, अप्पांना पायऱ्या उतराव्या लागू नयेत म्हणून घराच्या जमिनीच्या पातळीतच? होऊन जाईल. परवानगी वगैरे लागते का हो? ह्यावर त्याने पेन्सिल कानावर ठेवली, घराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'होऊन जाईल.' आणि झालंही. फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्या, वारा खेळावा म्हणून. अप्पा ओट्यावरच्या खुर्चीत बसायचे, उठायचे, कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारायचे, फटींतून बाहेर बघून 'दोन उतरले' असं काहीतरी पुटपुटायचे. ही किती दिवसांनी दुपारची झोपली. मी तिच्या घोरण्याचा आवाज ऐकत स्वयंपाकघरात उभा होतो. एवढं सुख सोसवायचं नाही असं वाटलं, आणि तसंच झालं.

समोरच्या दंतवैद्याने तक्रार केली. आपलं घर कोपऱ्यावरचं. आमच्या उंच कुंपणामुळे त्याला गाडी काढताना वळणावरचं काही दिसेना. मी त्याला मनात बरंच काही म्हणालो, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मग नगरपालिकेच्या तपासनीस बाई आल्या. वयाने लहान, बोलायला मऊ, हातात टेप. म्हणाल्या, 'घराच्या पुढच्या बाजूला कुंपण कंबरेच्या वर चालत नाही. मागे चालतं.'

'मग हे मागेच आहे की.'

'नाही ना काका. तुमचा प्लॉट कोपऱ्याचा. दोन रस्त्यांना लागून. म्हणजे तुमच्या घराला दोन पुढच्या बाजू आहेत.'

'आणि मागची?'

त्यांनी नकाशा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. 'तशी नाहीच म्हणायला हवी.'

(आयुष्यभर लोक माझ्याबद्दल म्हणत आले की ह्याला पुढचंमागचं काही कळत नाही. आता सरकारी शिक्का बसला.) ओट्याचं त्या म्हणाल्या की सीमेपासून अंतर कमी पडतंय, पण तो उघडा आहे, छप्पर नाही, तेव्हा चालवून घेऊ, कुंपण मात्र उतरवावंच लागेल. मी त्यांना अप्पा दाखवले. अप्पांनी त्यांना बसायला जागा करून दिली आणि कुठं उतरायचं ते विचारलं. बाई हळूच म्हणाल्या, 'सवलतीसाठी अर्ज करा. समितीपुढे या. मी सांगेन.'

समितीपुढे अप्पांना घेऊनच जावं लागलं, ही त्या दिवशी घरी नव्हती, त्यांना ठेवायचं कुणाकडे? लांबलचक टेबल, पलीकडे ओळीने साहेब लोक. मी जमेल तसं सगळं सांगितलं. ट्रक सांगितला, दार सांगितलं, रक्त सांगितलं. अध्यक्षांनी नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग चष्मा काढून म्हणाले, 'वाईट वाटतं हो. पण नियमात अडचण जमिनीची धरलीय. जमीन वाकडी असली, खडकाळ असली, चिंचोळी असली तर सवलत. माणसाची अडचण धरता येत नाही. माणूस उद्या असतो, नसतो, कुंपण राहतं.' तेवढ्यात अप्पा उठले आणि त्या ओळीच्या एका टोकापासून प्रत्येकासमोर हात पुढे करत चालू लागले. 'तिकीट, तिकीट.' शेवटी अध्यक्षांनीच खिशातून पार्किंगची चिठ्ठी काढून दिली. अप्पांनी ती निरखून पाहिली, कोपरा जरासा फाडला, परत दिली आणि म्हणाले, 'जपून ठेवा, चेकर येईल.' एक साहेब तोंडावर रुमाल धरून हसत होते. तपासनीस बाई खिडकीबाहेर बघत होत्या. सवलत नामंजूर.

'होऊन जाईल'ने करवत आणली आणि दोन्ही पुढच्या बाजूंचं कुंपण कंबरेएवढं केलं. आता ताई, ह्यात एक गोम होती, ती मला दिसली नाही, सुताराला दिसली नाही आणि बाईंच्या टेपलाही दिसली नाही. कुंपणाची उंची मोजतात जमिनीपासून. अप्पा उभे राहायचे ओट्यावर, आणि ओटा थेट कुंपणाला टेकलेला. जमिनीवरून कंबरेएवढं असलेलं कुंपण ओट्यावरून गुडघ्याच्याही खाली येत होतं. त्यांना अडवायला जे बांधलं, त्याचीच त्यांना पायरी झाली. दुपारी चहा झाला, त्यांनी भांग पाडला, आणि बसच्या फुटबोर्डवरून उतरतात तसे ते चालता चालता कुंपणावरून उतरले. पलीकडे जमीन पार खाली आहे.

आवाज मी ऐकला. मी पोचेपर्यंत दंतवैद्य पोचला होता, पायात चप्पल नाही, हातात दवाखान्यातली उशी. तो अप्पांना हलवू देईना. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन फुटपाथवर बसला होता आणि पेशंटशी बोलतात तसं 'झालं, झालं, एवढंच' म्हणत होता. मला त्याचा राग करायचा होता. आतापर्यंत जमवून ठेवलेला सगळा राग तयार होता. पण तो माणूस माझ्या बापाचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता, आणि मी नुसता उभा होतो.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं म्हणतात. आता अप्पा पुढच्या खोलीत कॉटवर असतात आणि कुठेही जात नाहीत. परवा तपासनीस बाई धावतपळत आल्या. त्यांनी समितीपुढे विषय पुन्हा मांडला होता, आणि आपल्या जमिनीला उतार आहे ही जमिनीची अडचण समितीने मान्य केली. उंच कुंपणाला परवानगी! बाई फार आनंदात होत्या. मग त्यांना दारातून कॉट दिसली. हिने त्यांना चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला आणि जाताना कप स्वतः धुऊन ठेवला.

तर असं हे सगळं. काळजीचं कारण नाही. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. कापलेल्या फळ्या पुष्कळ उरल्या आहेत, लाकूड उत्तम आहे. तुला माळ्यासाठी हव्या असतील तर कळव, पाठवायची सोय बघतो.

ता. क. फळ्यांचं राहू दे. अप्पा चार घासांच्या पुढे खात नव्हते, आता तेही नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. तू लग्न करून निघालीस तेव्हा अप्पा दारात उभं राहून जे बोलले, ते मीही ऐकलंय, त्याची बाजू मी घेत नाही. पण हल्ली त्यांची ड्युटी संपली आहे. संध्याकाळ झाली की फक्त एकच विचारतात, 'पोरगी शाळेतून आली का?' मी सांगतो, येतेय, वाटेत आहे.

ता. क. वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून ह्यांच्या नकळत लिहिते. 'वाटेत आहे' असं सांगून हे रोज फाटकापर्यंत जातात आणि तिथे उभे राहतात. मला वाटायचं, अप्पांना खरं वाटावं म्हणून जातात. काल मी विचारलं, तर म्हणाले, 'एखादे वेळी आलीच तर.' अप्पा काय बोलले होते ते अप्पांना आठवत नाही. तुम्हाला आठवतं, आणि ते विसरा असं मी सांगणार नाही. रागासकट या. पण या.