दादाची पाळी

दि. ३ मार्च

ती. दादास, धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळं क्षेम म्हणायला हरकत नाही, फक्त शत्रूचं सैन्य नदीपलीकडे येऊन ठेपलंय! पण तू प्रार्थनाघराचा प्रमुख. तूच सांगितलंस की अखंड प्रार्थनेत खंड पडला नाही तर गावाच्या केसालाही धक्का लागणार नाही, आणि तटावर एक जरी बंदूक राहिली तर तो देवावरचा अविश्वास. आमचे हे पडले पहारेकऱ्यांचे नाईक, काही केल्या ऐकेनात. मी अबोला धरला तेव्हा कुठे माणसं खाली उतरवली. आता तेच पहारेकरी पाळीपाळीने प्रार्थना म्हणतात. एकाचा सूर तर असा, की शत्रूने त्यालाच भिऊन पळावं.

तू शेजारगावाहून प्रार्थनेला माणसं आणायला गेलास, तेव्हापासून तुझी पाळी मीच सांभाळते. दादाची पाळी म्हणजे मानाची! आमच्या बेकरीची भट्टी उशिरा पेटते, घसा बसलाय, पण खंड पडू दिला नाही. वहिनी-मुलं दिसत नाहीत, दाराला कुलूप आहे. बरी आहेत ना? लवकर ये.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. वहिनी-मुलं माझ्याजवळच आहेत, तिच्या माहेरी. लहानग्याचा खोकला हटेना, म्हणून हवापालट. माझा पाय मुरगळलाय, त्यामुळे निघणं लांबलं. इथूनही प्रार्थना करतोच, देवाला जवळ-लांब सारखंच. मेहुण्यांना सांग, मन डळमळू देऊ नका. कुणी विचारलं तर मी येतोय म्हण. तुझ्या शब्दावर गावाचा विश्वास आहे.

आईला जप. माया कमी होऊ देऊ नकोस.

दादा

दि. १४ मार्च

दादास,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

तुझ्या सासुरवाडीहून आमचा पिठाचा गाडीवान आला. तू बाजारात भराभर चालतोस, असं सहज बोलून गेला. तुझं घरचं सामान, शिवणयंत्रासकट, अखंड प्रार्थना सुरू होण्याआधीच त्याने तिकडे पोचवलं होतं. मी तुझं कुलूप तोडायला लावलं. भिंतीवरच्या खुंट्यासुद्धा नेल्यास रे!

भीती कुणाला वाटत नाही? सांगितलं असतंस तर मीच बोचकी बांधून दिली असती. आईजवळ रडले, तर ती म्हणाली की तिला माहीत होतं. तू तिला सोबत चल म्हणालास, आणि ती नाही म्हणाल्यावर गप्प राहण्याची शपथ घातलीस. तिचा प्रार्थनेवर खरा विश्वास आहे. ती अजून तिथेच बसलीय.

मला मात्र विचारलं नाहीस. मी निघाले असते तर ह्यांनी बंदुका खाली ठेवल्याच नसत्या, आणि तुझं पितळ उघडं पडलं असतं. बिनबोभाट निघून जायला तुला मी इथे हवी होते. सख्ख्या बहिणीचा असा वापर केलास, दादा.

काल पलीकडून पहिला तोफगोळा पडला. बेकरीमागची भिंत गेली. हे तटावर परत चढले, पण निम्मीच माणसं सोबत गेली. बाकीचे प्रार्थनाघरातून हलत नाहीत. तू पळालास हे मी त्यांना ओरडून सांगितलं. ते म्हणतात, दादा आल्याशिवाय आम्ही बंदुकीला हात लावणार नाही. तू येतोयस, असं त्यांना मीच सांगितलं होतं.

लोभाचं तुझं तू बघ.

धाकटी