बांधावरच्या साध्या मक्याविषयी

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, मित्रकिडे वाढवण्याच्या केंद्रात नोकरीला, घरात पहिली शिकलेली. शुक्रवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, किरकोळ आहे. मला त्या शब्दाचीच धास्ती वाटते. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

सायकल आणि पुस्तके धाकट्या बहिणीला. भिंग आईला, सुईत दोरा ओवायला ती ते गुपचूप नेतेच.

छत्री काकांना. "एवढी शिकली आणि किडे पाळत बसली," असे ते चारचौघांत म्हणाले होते. मी विसरलेले नाही, पण छत्री चांगली आहे.

माझ्या खोलीतली क्रायसोपाची, म्हणजे कीड खाणाऱ्या मित्रकिड्याची, पिल्ले बाबांना. प्रत्येकाला वेगळा कप्पा हवा, नाहीतर एकमेकांना खातात. मक्यावर सोडली की ती अळीची अंडी फस्त करतात. बाबा म्हणाले होते, "म्हणजे घरजावईच की! फक्त ह्यांनी खाल्लं तर काम होतं."

आता जे सांगायला जीभ रेटत नाही ते. जनुक बदलून अळीला विषारी केलेल्या मक्याच्या पिशवीत साध्या बियाण्याची लहान पुडी असते. ती बांधालगत पेरायची. तिथे विष न चाखलेली कीड जगते, बाकीच्या किडीशी जुगते, म्हणून विष पचवणाऱ्या किडीचेच रान माजत नाही. हे पिशवीवर बारीक अक्षरांत होते. धाकटी तेव्हा लहान, घरात वाचता येणारी मी एकटी, आणि मी फक्त मोठी अक्षरे वाचली. मीच म्हणाले, "नमुना असेल, कोंबड्यांना टाका." शेजाऱ्यांनीही मला विचारूनच टाकले. अशी चार वर्षे. आता आमच्या पानांवर अळ्या जिवंत फिरतात.

काकांनी फवारणीचा पंप भरून ठेवला आहे. फवारले तर आधी माझी पिल्ले मरतील. म्हणून मी परत येवो न येवो, पंधरा दिवस फवारू नये, आणि पुढच्या पेरणीला पुडी बांधावर जावी.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. अळी तोवर थांबणार नाही. म्हणून धाकटीने आजच साक्षीदारांसमोर इथवरचे बाबांना वाचून दाखवले. बाबांनी एवढेच विचारले, "खाली बारीक अक्षरांत काही राहिलंय का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी अंगठा उठवला.

सही: थोरली
ऐकले: बाबा (अंगठा)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणबाई (सही), सायकल दुरुस्तीवाले (सही)
मळ्यातली खोली, बुधवार, १२ ऑगस्ट