लांब कानाचा बैल

बाभुळगाव. पोरांचा तान्हा पोळा, संध्याकाळ.

काहून केले मी बैलाचे एवढे लांब कान? बाबा गेल्यापासून त्यांची लाकूड तासायची पटाशी तशीच पडून होती. मागची कपाशी अळीनं खाल्ली, औंदा पोरांसाठी लाकडाचे बैल कोन इकत घेते? म्हणून घरातलं माणूस गमावलेल्या आम्ही चौघी मैत्रिणींनी गल्लीतल्या पोरांसाठी बैल बनवले. बाकीच्यांचे बैल बैलासारखे तरी दिसतात. माह्यावाला सरळ गाढव!

नेमका तोच गल्लीतल्या चिमीनं उचलला. तिलेही बाबा नाहीत. बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हंजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागत फिरली. शेजारच्या काकू म्हणे, "बाई, गाढवाले कुठं बोजारा असते का?"

चिमी भडकली. "बैलच आहे! लांबचं आयकते, म्हणून कान मोठे."

काकूनं गुपचूप दोन लाडू देल्ले. एक चिमीले, एक बैलाले.

हे सांगितलं तर आई हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदा, पोट धरून. मग तिनं माहा दुसरा, अर्धवट बैल उचलला. कान तेवढेच लांब. कानाशी तोंड नेऊन म्हणे, "अहो, आयकता का? पोरीनं बैल केला."

उद्या त्याचे कान तासून लहान करणार होती मी. राहू देते.